फाटक्या कानाच्या कुत्रीवर लावलेली शर्त

मला अंदाज येत नाही, हे आमच्या घरात कधीचंच ठरून गेलं होतं. मीठ किती, माणूस कसा, वळण किती जवळ, कशाचाच म्हणे येत नाही. गाडी चालवायचा परवाना काढून मला चार वर्षं झाली होती, पण यजमान किल्ली देत नसत. "तुले अंदाज येत नाही," एवढं म्हणून ते स्टिअरिंगवर बसायचे आणि मी बाजूला पाण्याची बाटली धरून. मला याचा राग येई. खरं सांगते, भयंकर राग येई.

गेल्या हिवाळ्यात ढाणकीजवळच्या एका तांड्यावर कुत्र्यांची मोठी शर्यत होती. यजमानांना असल्या गोष्टींचा भारी नाद, म्हणून बाभुळगावहून सकाळीच निघालो. मैदानावर आजूबाजूची गावं लोटली होती. पुसदहून एक ग्रेहाऊंड जातीचा उंच शिकारी कुत्रा मालकाच्या गाडीत मागच्या सीटवर बसून आला होता, अंगावर झूल आणि गळ्यात हार. जो तो त्याच्यावरच शर्त लावत होता. यजमानांनी त्याची छाती पाहिली, मांड्या पाहिल्या आणि निकाल देऊन टाकला.

मी मात्र माणसांकडे पाहत बसले. शेवटच्या फेरीला सहा कुत्री उतरली. पाच मालक आपापलं कुत्रं स्वतः धरून सुरुवातीच्या रेषेवर उभे, कारण मोबाइलवर फोटो काढणारे सगळे तिथेच होते. सहावी एक बारकी, फाटक्या कानाची कुत्री, तांड्यातल्या एका म्हातारीची. म्हातारीनं तिची साखळी सुनेच्या हातात दिली आणि घागरा सावरत पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. पाच कुत्री मालकाच्या तोंडाकडे पाहत होती. ही एकटी समोर.

"माही शर्त तिच्यावर," मी म्हणाले.

"काहून? हाडं मोजून घे तिची."

"जिंकली तर घरापर्यंत गाडी मी चालवीन. घाटासकट."

"अन् हरली तं?"

"तं माहा परवाना फाडून टाका. पुन्हा नाव काढणार नाही."

बोलून गेले खरी. लोक म्हणतात शर्तीत पैशाची गोडी असते. असेल. मला त्या मिनिटाला वेगळीच गोडी कळली. निकालाच्या आधी, चारचौघांत, मोठ्यानं आपलं मत सांगायचं आणि मग त्याला चिकटून उभं राहायचं. पंचावन्न वर्षांत मला हे सुख मिळालंच नव्हतं.

आमिष म्हणून मोटारसायकलला बांधलेलं कातड्याचं बोचकं फरफटत पुढे निघालं आणि त्याच्या मागे कुत्री सुटली. अर्ध्या मैदानापर्यंत ग्रेहाऊंड सगळ्यांच्या पुढे. यजमान माझ्याकडे पाहून हसलेसुद्धा. तेवढ्यात मागून त्याच्या मालकानं जीव तोडून हाक मारली, आणि राजे थांबले! मान वळवून पाहिलं आणि शेपूट हलवत परत निघाले. आणखी दोघांनी तेच केलं. म्हातारी दुसऱ्या टोकाला ओढणी हलवत होती आणि तिची कुत्री नाकासमोर धावत सगळ्यांच्या आधी थेट तिच्या घागऱ्यात शिरली.

मी नाचले. चपला हातात घेऊन, ओळखदेख नसलेल्या माणसांत नाचले. लाज वगैरे काही वाटली नाही.

"थे कुत्रं फिरलं कायले पण?" यजमान विचारत राहिले.

"तुमी पाय पाहत होते. मी मालक कुठी उभा हाय थे पाहून राह्यली होती."

त्यांनी किल्ली काढून दिली. एवढं कबूल करायला हवं, शब्दाचा माणूस आहे.

घाटात समोरून एसटी आली तेव्हा त्यांनी दरवाजाची कडी घट्ट धरली आणि माझ्या वाटचे ब्रेक तेच दाबत होते. "दाब, दाब," म्हणत होते. दिग्रसला चहा घेतला, तोवर सूचना निम्म्यावर आल्या होत्या. पुढे दिराचा फोन आला, कुठवर पोचलात म्हणून. "मले काय माहीत? गाडी थे चालवून राह्यली, तिले विचार," म्हणून त्यांनी फोन माझ्या कानाशी धरला. मी गाडी चालवताना फोनवर बोलत नाही, असं मी ठणकावून सांगितलं. त्यांनी निमूट फोन बंद केला.

यवतमाळ यायच्या आधीच माझ्या शेजारी ते गाढ झोपले होते, तोंड उघडं टाकून.