लागू नसेल ते खोडावे

केळीच्या नुकत्याच कापलेल्या खोडाचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? थंड, ओलसर, किंचित तुरट, काकडी चिरावी तसा! माझ्या पेटीच्या तळाशी एक चौघडी कागद आहे. त्याचा वास केव्हाच उडून गेला, पण केळीच्या चिकाचा तपकिरी डाग मात्र त्यावर अजून आहे. असला डाग रिठ्याला दाद देत नाही, लिंबाला देत नाही, काळालाही देत नाही. कागदाची घडी उलगडली की मी पुन्हा रावेरकडच्या त्या गावात, त्या ओट्यावर, मांडी घालून बसलेली असते.

स्वातंत्र्य नवे होते, माझी नोकरी नवी होती, आणि व्याकरणाचा माझा ताठा तर अगदी कोराकरकरीत होता. धुळ्याहून मराठीची शिक्षिका म्हणून तिकडे गेले तेव्हा साऱ्या गावाच्या ‘मले-तुले’चे ‘मला-तुला’ करण्याचा विडाच मी उचलला होता. पाणी मागायला आलेल्या माणसालाही मी आधी त्याचे वाक्य दुरुस्त करून देत असे आणि मग तांब्या! आज आठवले की हसू येते आणि थोडी लाजही वाटते. पण तेव्हा मला वाटे, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका संपल्या की देशाचे निम्मे काम झाले.

माझ्या खोलीला लागूनच दोघा भावांचे घर होते. थोरल्याला सारे गाव आबा म्हणे, धाकट्याला नाना. शेत एक, विहीर एक, सातबाराचा उतारा एक. पण मोटेच्या पाण्याची पाळी कुणाची, यावरून एकदा जुंपली आणि तेव्हापासून तीन वर्षे दोघांत शब्द नव्हता. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली, चुली दोन झाल्या. या दोन चुलींच्या मध्ये त्यांची थोरली विधवा बहीण अक्का एक दिवस इकडे आणि एक दिवस तिकडे जेवत असे. भाऊ जे काही बोलत ते तिच्या तोंडून. ‘अक्का, त्याले म्हन’ हे त्या घरातले सर्वांत जास्त वापरले जाणारे वाक्य होते. याच अक्काने माझ्या प्रौढवर्गात साठीच्या उंबरठ्यावर पाटी धरली होती, आणि अक्षराला अक्षर लावून ती जे दिसेल ते वाचत सुटे, बिस्किटाच्या डब्यापासून स्टेशनच्या पाटीपर्यंत.

त्यांच्या बागेची केळी रेल्वेच्या डब्यांत भरून दूर दिल्लीला जात. तेवढ्यावरून कुणीतरी त्यांना व्यापारी समजले असावे, आणि एके दिवशी टपालाने आयकराचा फॉर्म येऊन थडकला. फॉर्म इंग्रजीत होता. पण भावांच्या ओळखीच्या जळगावच्या एका वकिलांनी हौसेने त्यातल्या सूचनांचे मराठी भाषांतर छापून घेतले होते, तो कागदही त्यांनी मागोमाग पाठवला. शेजारची शिकलेली बाई म्हणून मला बोलावणे आले. रविवारची दुपार होती, दोघे भाऊ ओट्याच्या दोन टोकांना बसले होते, मधे अक्का होती. नाना घड उतरवून तसाच आला होता, चिकाने हात काळेतपकिरी झालेले.

मी वाचायला सुरुवात केली. काय ती भाषा! ‘उपरिनिर्दिष्ट रकान्यांत, अन्यथा निर्दिष्ट नसल्यास, अधोनिर्दिष्ट तपशिलाचे यथोचित अनुपालन करण्यात यावे.’ कालिदासाच्या मेघालाही वाट चुकवील असे ते समास! आणि हा ‘कर’ तरी केवढा मायावी शब्द! कर म्हणजे हात, कर म्हणजे किरण, हत्तीची सोंडही कर, आणि आईने कामाला लावताना म्हटलेले ‘कर’ ते तर बाळपणापासून कानांत बसलेले. चंद्राचे कर शीतल, सूर्याचे कर प्रखर. सरकारचे कर कसे, हे मात्र फॉर्म भरल्याशिवाय कळत नाही.

“बाई, हे मराठीच हाये ना?” नानाने अदबीने विचारले.

मी व्याकरणाची शपथ घेऊन सांगितले की मराठीच आहे. पुढे वाक्य होते : ‘लागू नसेल ते खोडावे.’ अक्का एकदम खुलली. “मंग सोपं हाये की! लागन नसंल तो खोडवा!” पहिली लागण निघाल्यावर त्याच बुंध्यातून जे दुसरे पीक येते, त्याला शेतकरी खोडवा म्हणतात. सरकारला बागेतले एवढे कळते म्हणून आबाने समाधानाने मान हलवली. मी हसत हसत, पण मास्तरकीचा सूर न सोडता, खोडवा नव्हे खोडावे, म्हणजे काट मारावी, असे समजावून सांगितले. दोन्ही टोके हसली. तीन वर्षांत ते दोघे एकाच गोष्टीला प्रथमच हसले असतील! मला फार आनंद झाला, आणि त्याच आनंदात मी पुढचे शब्द वाचून गेले : ‘कुटुंब अविभक्त / विभक्त.’

हसू जागच्या जागी विरले. या दोहोंतले एक खोडायचे होते. अक्काचा चेहरा उतरला. कुडाची भिंत पावसाने खचली असती, कधीतरी पाडता आली असती. पण सरकारी कागदावर घर दोन झाले तर ते पुन्हा एक कोण करणार? मी टाक पुढे केला. कुणी घेईना.

“अक्का, त्याले म्हन, त्याच्या मनात असंल ते खोड,” आबा म्हणाला.

“अक्का, त्यालेच म्हन,” नाना म्हणाला, “कर्ता तो हाये.”

कर्ता होता, कर्म समोर पडले होते. क्रियापदच तेवढे अडून बसले होते.

तेव्हा अक्काने माझ्या हातातला कागद ओढून घेतला. डोळ्यांजवळ नेला. मथळ्यावरच्या ठळक अक्षरांवर बोट ठेवून तिने एकेक अक्षर सोडवले. “आ… य… क… र.” आणि तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला. “आयक र! पाह्य, वरच लिव्हलं हाये! सरकार बी तेच सांगून राह्यलं. आयक र! तीन वर्सं मी काय येगळं सांगतलं?”

माझ्या ओठांवर दुरुस्ती आली होती. ‘ऐक रे’ नव्हे, आयकर, अक्का, एक शब्द, सामासिक! पण आबा कागदाकडे पाहत होता. मग त्याने मान वळवली, आणि अक्काला ओलांडून थेट पलीकडे बघत म्हणाला, “आयक र, नाना.”

“बोल न, भाऊ,” नाना म्हणाला.

“ते दुसरं खोड.”

नानाने अशी काही रेघ मारली की टाकाच्या निबाने कागद फाटला, आणि ‘विभक्त’वर त्याच्या अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटला. अक्का पदराने डोळे पुशीत होती, मीही. मग माझ्या लक्षात आले आणि मला हसू आवरेना : त्याने फॉर्म सोडून सूचनांचा कागदच खोडला होता! पुढे वकिलांनी कळवले की स्वतःच्या शेतातल्या पिकावर हा कर मुळी नाहीच. खरा फॉर्म ‘निरंक’ शेरा घेऊन गेला. सरकारला काही मिळाले नाही, पण त्या घराला केवढे मिळाले! भिंत पुढच्या उन्हाळ्यात उतरवली, आणि तिचा कूड चुलीला लागला. चूल एकच होती, हे सांगायला हवे का?

निरुपयोगी म्हणून तो कागद माझ्याकडे राहिला. पण मी त्या गावात होते तोवर दर दिवाळीला अक्का तो मागवून घेई, भावांना समोर बसवी आणि मथळा वाचून दाखवी. पुढे पुढे ती सरसर वाचू लागली, समास फोडू लागली, माझ्याच चुका काढू लागली. हा एक शब्द मात्र ती शेवटपर्यंत तसाच, मधे किंचित थांबून वाचत असे. आणि मी, जिने साऱ्या गावाची वाक्ये दुरुस्त केली, तिची ती चूक कधीच दुरुस्त केली नाही.