मागाच्या खांबांवरची दुर्बीण

तांडापेठेतल्या रुपराव नंदनवारांच्या घरी दोन हातमाग होते. दुर्बीण पेलणाऱ्या घोडीला चांगलं सागवान हवं होतं, तेव्हा त्यांनी एक मोडला. बारा इंची आरसा दोन वर्षं हाताने घासलेला. तो काय बांबूवर ठेवायचा? त्यांच्या बायकोने, रुख्माबाईंनी, भांडण केलं नाही. एवढंच ठरलं, की नरतुरंग तारकासमूहातल्या एका विचित्र दीर्घिकेवरचा काळा पट्टा या आरशातून दिसला नाही, तर पावसाळ्याआधी माग पुन्हा उभा राहील.

दिसला, असं रुपराव म्हणत होते. खात्रीसाठी त्यांनी निवृत्त विज्ञानशिक्षक मधुकररावांना बोलावलं. ते साल चौऱ्याहत्तर, मे महिना. शेजारची म्हणून मीही गच्चीवर होते. दीर्घिका समोरच्या घराच्या कौलांवर तासभरच दिसायची, मग त्यांच्याआड जायची.

मधुकररावांनी बराच वेळ डोळा लावला.

"रेघ आहे गा. पण तुह्या घरात दिवसभर सूत उडते. आयपीसमध्ये तूस अडकला असंन. फिरवून पाय. आभाळातली रेघ फिरत नाही."

रुपरावांचा हात आयपीसपर्यंत गेला आणि थांबला.

"काहून, भेव वाटते?"

त्यांनी पाव वळसा दिला.

"फिरली!" मधुकरराव हसले. "विणकराची दीर्घिका, सुताशिवाय राहीन कशी?"

रुपराव बाजूला झाले. नळीचं झाकण शोधू लागले. दीर्घिका कौलांपासून वीतभर उरली होती.

"थांबा जरा." रुख्माबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. तीस वर्षं कंदिलाच्या उजेडात त्यांनी तुटलेली सुतं हुडकून जोडली होती. स्टुलावर चढून त्यांनी डोळा लावला.

"फिरवा."

मग, "आता उलटं."

खाली कुणाचा तरी माग खटखटत होता.

"दोन हायेत," त्या म्हणाल्या. "एक बारीक, ताठ. ते आपलं सूत, ते फिरते. त्याच्याखाली एक रुंद हाये, काठानं विसकटलेली. ते नाही हालत."

मधुकररावांनी स्वतः फिरवून पुन्हा पाहिलं. या वेळी हसले नाहीत. "आहे," एवढंच म्हणाले.

रुपराव बायकोकडे पाहत राहिले. त्या स्टुलावरून उतरल्या, घोडीच्या खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. तिथे वर्षानुवर्षं मागाची दोरी घासून पडलेली खाच होती.

"पावसाळ्याआधी याले तेल पाजा," त्या म्हणाल्या. "नाहीतर फुगन."