केमो वॉर्डातल्या मावशी

सकाळी आल्या आल्या मावशी प्रत्येक खाटेपाशी वाकायच्या आणि हळूच विचारायच्या, "किती येळा झालं?" शेजारच्या खाटेला ऐकू जाऊ नये म्हणून एवढी काळजी. बेडपॅन मात्र आदळतच आणायच्या.

सांगलीतल्या त्या दवाखान्यात मी केमोच्या वॉर्डाची नर्स, त्या सफाईला. तुमच्या घरातलं कुणी केमोवर असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, जुलाब तिथे रोजचेच. आम्ही गोळी देतो, सलाईन लावतो, आकडा लिहितो. पुढे पुढे माणूस दिसेनासा होतो, आकडाच उरतो.

उंब्रजकडचे एक निवृत्त सुभेदार होते. अंगात त्राण नसतानाही सलाईनचा स्टँड ढकलत संडासला जायचे. मावशी मागोमाग.

"आवं, तुमी जावा की!" ते चिडायचे.

"मी कुटं बघतीया? हितं नुसती हुबी हाय," म्हणत त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

एकदा ते आतच कोसळले. मावशींनी उचललं, धुतलं, लेंगा बदलला. सुभेदार भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. मावशी म्हणाल्या, "नातवाचं बी मीच करती. त्यो तर लाथा मारतो."

पंधरवडा उलटला तरी जुलाब थांबेनात. पुढची केमो लांबली. "बास झालं. घरला सोडा मला," सुभेदार म्हणाले.

त्या दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. "सिस्टर, ह्ये औषधाचं न्हाई. औषधाचं चार-सा दिसांत थांबतंय. ह्येंच्या पोटात कायतरी हाय."

"शौचाच्या तपासणीत काही निघालं नाही," मी वसकन म्हणाले. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

त्यांनी वॉर्डाच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तवा डबी सकाळपस्नं खिडकीत पडली हुती. दुपार टळल्यावर नेली."

नमुन्याची डबी वेळेवर लॅबला पाठवायचं काम माझं होतं. मी विसरले होते, आणि शिळ्या नमुन्यात जिवंत जंतू सापडत नाहीत.

डॉक्टरांना सांगून मी तपासणी पुन्हा लिहून घेतली. या वेळी डबी मावशींनीच नेली आणि लॅबच्या खिडकीशी ठाण मांडलं. "आत्ता बघा. मी हलत न्हाई."

सूक्ष्मदर्शकाखाली जिआर्डिया वळवळताना दिसले. दूषित पाण्यातून पोटात जाणारा बारीकसा परजीवी. औषध साधंच होतं. आठवड्याभरात जुलाब थांबले, केमो पुन्हा सुरू झाली.

"चुकलं माझं, मावशी," मी म्हटलं.

फडकं पिळत त्या म्हणाल्या, "तुमी लय दमता, सिस्टर."

नंतर सफाईचा ठेका बदलला. एका सोमवारी मावशी आल्याच नाहीत.

परवा सुभेदार तपासणीला आले. डोक्यावर बारीक केस उगवलेले, हातात गुळाची पिशवी. "मावशी कुटं हायत?" कुणी औंध म्हणालं, कुणी माधवनगर. त्यांचं गाव मीही कधी विचारलं नव्हतं.

सुभेदार दाराकडे वळले. मग लादी पुसणाऱ्या नव्या बाईंपुढे त्यांनी पिशवी धरली.

"मला कशाला, दादा?"

"त्येच काम करता न्हवं? घ्या."

बाईंनी ओले हात पदराला पुसले आणि पिशवी घेतली.