फेसाळ वाइनमधलं आमचं निंबू

पुण्यात मी कामाला होते ते हॉटेल बंद पडलं तेव्हा मी खोली सोडून वडनेरला घरी आले. त्या हॉटेलात मी बारवर उभी राहून ड्रिंक बनवत असे. बाबांना हे माहीत होतं, पण ते विषयच काढत नसत. त्या वेळी मात्र बोलले, "आणखी एकदा पाह्य नोकरीचं. नाही जमलं तं घरीच राह्य. स्थळं पाहू." मीही तणतणत हो म्हणून बसले. सोमवारी पुण्यातल्याच एका नव्या हॉटेलात मालकासमोर ड्रिंक बनवून दाखवायचं होतं. ते बिघडलं की पुणं संपलं.

शनिवारी आई नांदुऱ्याला लग्नाला गेली, म्हणून माझी हिंमत झाली. दुपारी ओट्यावर सगळं मांडलं. जिन, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक बर्फाबरोबर खळखळ हलवायचं, उंच ग्लासात गाळायचं, वरून गार फेसाळ वाइन ओतायची. एवढंच! पण मेलं दर वेळी कडू लागे. पाक वाढवला, जिन कमी केली, तरी घशाशी कडवटपणा उरायचाच. तिसरा ग्लास सिंकमध्ये ओतताना मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात बाबा बागेतून पाणी प्यायला आत आले.

"काय करून राह्यली वं?"

"दारू बनवते," मी ताडकन म्हटलं. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

बाबांनी आयुष्यात दारूला बोट लावलं नाही. त्यांनी बाटलीकडे पाहिलंही नाही. ओट्यावरची पिळलेली साल तेवढी उचलली.

"हे काय? निंबू पिळलं का धुणं?"

"तुम्हाले काय समजते यातलं?"

"दारूतलं नाही समजत. निंबातलं समजते."

खरंच होतं. माझ्या जन्माआधीपासून त्यांची लिंबाची बाग. त्यांनी एक लिंबू कापलं, सुरीच्या टोकानं बिया काढल्या आणि दोन बोटांनी हलकंच दाबलं. निम्मा रस सालीतच राहिला. "बी चेंगरली, साल चेंगरली का कडू उतरते. वरचा रस घे. बाकीचं राहू दे लोणच्याले."

आमच्या घरात साल कोरडी होईस्तोवर पिळायची रीत. आईनं मला तेच शिकवलेलं, आणि बारवरही मी तेच करत आले होते! त्या रसाचं पुन्हा बनवलं. ग्लास तिरपा धरून वाइन हळूहळू सोडली. घोट घेतला आणि किंचाळलेच. हलकं, आंबटगोड, जिभेवर नुसती चुरचुर. कडवटपणाचा मागमूस नाही.

बाबांनी लांबूनच वास घेतला. "आपल्याच बागेतला येऊन राह्यला," म्हणाले.

मला राहवेना. "बाबा, तुम्ही चूप राह्यले असते तं मी नापास होऊन घरीच आली असती. तुम्हाले तेच पायजे होतं ना?"

ते सुरी धुवत होते. "घरी पायजे होती. पन पडलेल्या तोंडानं नाही. यायचं तं सुट्टीले ये."

मी तिथंच ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

सोमवारी मालकानं एक घोट घेतला, मग सगळा ग्लास संपवला, आणि कधीपासून येता म्हणून विचारलं. मी जिन्यातूनच घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुट्टी कवा देतीन वं ते?"