सासुरवाडीला नेलेला काळेपणा

एका पोस्टकार्डावर मी नको ते लिहून बसलो. 'यंदाच्या उन्हाळ्यात एका स्नेह्याच्या वावरात (शेतात) रोज राबतो आहे, पार काळवंडलो आहे,' असं सासऱ्यांना कळवलं. खरं म्हणजे मी मलकापुरातल्या एका जिनिंगमधला कारकून. कापसाच्या गंज्यांच्या सावलीत बसून लिहिणारा, आणि रंगानं सोललेल्या केळ्यासारखा.

सासरे संग्रामपूरचे. आमराईलगतचं एक वावर लेकीला द्यायचं त्यांच्या मनात होतं. अट एवढीच की जावई मातीत हात घालणारा असावा. नाहीतर ते पुतण्याकडं जाणार. माझी बायको यमुना त्या वावरात खेळून मोठी झालेली. त्याचं नाव निघालं की तिचा चेहरा खुलायचा. ती तेव्हा माहेरीच होती. सासऱ्यांचं उत्तर आलं, 'लेकीला न्यायला या. काळवंडलेले जावई पाहू.'

आदल्या दिवशी मी बाजारात करीमचाचा अत्तरवाल्यांकडं गेलो.

"दुनिया इथं गोरं व्हाले येते बाबू," चाचा म्हणाले. "तुमाले काऊन काळं व्हाचं हाय?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. उलट वैद्यासारखी चौकशी केली. किती दिवस टिकायला हवं? घाम फार येतो का? मग तीन बाटल्या मांडल्या. अक्रोडाच्या सालीचा काढा चार-सहा दिवस हलत नाही, पण महाग. कात उकळलेलं पाणी स्वस्त, दिसतं झकास, पाण्याशी मात्र वैर. आणि तिळाच्या तेलात खललेली काजळी सगळ्यात स्वस्त, पण कपड्याला चिकटणारी.

"हाताले अक्रोड घ्या, हात सारेच पाह्यतात," चाचांनी निकाल दिला. "तोंडाले न् मानेले कात. पायाले काजळी, धोतर जरा वर धरा."

पहाटे उठून मी केसांच्या मुळापासून नखांपर्यंत एकही जागा सोडली नाही. आरशात पाहिलं तर मलाच माझा आदर वाटला.

आगगाडीत शेजारी एक म्हातारे शेतकरी होते. बराच वेळ निरखून म्हणाले, "कावीळ झाली काय भाऊ?"

नांदुऱ्याला सासऱ्यांचा गडी दौलत रेंगी (हलकी बैलगाडी) घेऊन उभा होता. वैशाखाचं ऊन. दोन्ही अंगांना भेगाळलेली काळी जमीन, आणि लांबवर सातपुड्याची निळसर रेघ. ती वाट आता मोटारीनं चटकन सरते, पण बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवर डुलत केलेला तो प्रवास अजून माझ्या अंगात आहे. पूर्णेच्या पात्रात बैल पाण्याला लागले, आणि मीही खाली उतरून, सवयीनं, तोंडावर ओंजळभर पाणी मारलं.

दौलतनं माझं तोंड पाहिलं, हात पाहिले. मग म्हणाला, "जावईबापू, तोंड एकाचं न् हात दुसऱ्याचे दिसून राह्यले."

मी बाटली काढून पुन्हा रंगलो. त्यानं आरसा नाही म्हणून कुठं कमी पडलं ते बोटानं दाखवलं.

घरी रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे) बेत होता, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. सासरे माझे हात पाहून खूश दिसले. मी पाटावर बसलो आणि उकडतं म्हणून डोक्याचा रुमाल काढून ठेवला.

सासऱ्यांचा घास थांबला. त्यांनी हळूच स्वतःचं पागोटं उचललं. भुवयांच्या वर त्यांचं कपाळ दुधासारखं पांढरं होतं, खाली तवा. माझं कपाळ मात्र शेंडीपर्यंत एकसारखं तांबूसकाळं.

"तुमी बिनारुमालाचे राबता काय वावरात?" त्यांनी विचारलं. दाराआडून यमुनेचं हसू ऐकू आलं आणि लगेच थांबलं.

मी कबूल केलं. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "वावर पुतण्याच पाह्यन. उद्या एक दिवस मात्र या संगं, जावई म्हणून नाही."

दुसऱ्या दिवशी मी दौलतच्या जोडीनं पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं) उपटल्या. दुपारपर्यंत तळहाताला फोड आले. सासरे बांधावरून दोनदा म्हणाले, "पुरे, सावलीत बसा." मी बसलो नाही. शहाणपण म्हणून नव्हे, लाजेनं. संध्याकाळी त्यांनी पाण्याचा तांब्या स्वतः माझ्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत निघालो. पुढं दोन वर्षांनी ते वावर यमुनेच्या नावावर झालं. सासरे आज नाहीत, दौलतही नाही, आणि आता मला कुठलीच बाटली लागत नाही. ते वावर आमचं कशामुळं झालं, हे मी सासऱ्यांना कधी विचारलं नाही. माझा तर्क परतताना नांदुऱ्याहून सुटलेल्या आगगाडीतल्या एका क्षणावर आहे. यमुना ओल्या पदरानं माझी मान खसाखसा पुसत होती, मलकापुरात लोक हसू नयेत म्हणून. पुसता पुसता तिचा हात थांबला. मी हाय हाय करत होतो.

"हे नाही निघत," ती म्हणाली. "हे उन्हाचं हाय. बाबाले कळवा लागन."