पोच्यासकट करून द्या

माणसं माझ्या शेडवर मोडकी वस्तू घेऊन येतात आणि म्हणतात, "भाऊ, अगदी नवीकोरी दिसली पाहिजे." इतक्या वर्षांत उलटं सांगणारं एकच गिऱ्हाईक भेटलं, ते म्हणजे धुळ्याचे आबा. ते म्हणायचे, "भाऊ, नवं नको. जुनं करी द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मीही म्हटलं, "जुनं पाहिजे तर माझ्याकडे कशाला आलात? भंगारात जा." आबा शांतपणे म्हणाले, "तठूनच वनू." म्हणजे भंगारातूनच आले होते.

जळगावच्या एमआयडीसीत माझी फायबरची शेड आहे. कूलरच्या बॉड्या, पाण्याच्या टाक्या, कुठल्या शाळेला घसरगुंडी, असली आमची कामं. आबांची गाडी शेडसमोर उभी राहिली की कामं थांबायची. जुन्या काळची फिकट हिरवी व्हॅन, वर टपाचा उंचवटा, आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, भांड्यांची फळी आणि खिडक्यांना त्यांच्या बायकोने, अक्कांनी, शिवलेले पडदे. आबा धरणगावला एका जिनिंगमध्ये सुपरवायझर होते. कापसाचा हंगाम संपला की नवरा-बायको हे घर घेऊन निघायचे. तोरणमाळ पाहिलं, ओंकारेश्वर पाहिलं, एकदा तर पार द्वारकेपर्यंत गेले. नातेवाईक हसायचे, "बिऱ्हाड पाठीवर घेऊन कुठे हिंडता?" आबांना हसण्याचं काही वाटत नसे. गाडी मात्र म्हातारी झाली, आणि ती बनवणाऱ्या कंपनीने तो प्रकार कधीच बंद केला होता. इंजिनाचं कुठूनतरी जमायचं, पण बाहेरचं काही तुटलं की दुकानदार हात जोडायचे.

आबा मात्र हात जोडणाऱ्यातले नव्हते. "भेटत नही म्हनजे कोनी धुंडं नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. धुळ्याची, मालेगावची भंगारं त्यांनी पालथी घातली होती. रावेरकडे केळीच्या बागेत एक तशीच व्हॅन टपापर्यंत गवतात रुतून पडलीय, असं कोणीतरी सांगितलं, तर हे भर मे महिन्यात तिथे पोचले. त्या व्हॅनमध्ये कोंबड्या राहत होत्या. आबांनी कोंबड्यांच्या मालकाशी दोन तास गप्पा मारल्या, त्याच्याकडे जेवले आणि मागच्या दिव्याची लाल काच काढून आणली. घरी येऊन पाहतात तो काच डावीकडची. फुटलेली होती उजवीकडची. मला सांगताना स्वतःच पोट धरून हसत होते. "आता डावीकडलीबी फुटी जाई कधी ना कधी," म्हणाले आणि ती जपून ठेवली. ती पुढे खरंच फुटली.

भाग आणायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. पोत्यात घालून, आदळआपट करत आणलेलं मी कधी पाहिलं नाही. गोधडीत गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून आणायचे. पहिल्या वेळी गोधडीतून निघाला गाडीचा मागचा कोपरा, दिव्याखालचा पत्रा. गंजून चाळण झाली होती आणि मधोमध चांगला मोठा पोचा होता. आम्ही त्याचा साचा घेऊन फायबरचा कोपरा करायचा होता. आबांनी निघताना बजावलं, "आहे तसाच पाहिजे." आता आहे तसाच म्हणजे मापाला तसाच, असं कुणीही समजेल. आमच्या रंगाऱ्याने साचा घेण्याआधी पुट्टी भरून तो पोचा बेमालूम बुजवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पोचा दिसला की भरायचा, हा त्याचा धर्मच आहे. कोपरा झाला, रंग झाला, आरशासारखा चमकला. आबांनी तो उलटसुलट पाहिला, पोचा जिथे असायचा तिथून बोट फिरवलं आणि गोधडीत गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं, खूश झाले.

दोन दिवसांनी परत आले. गाडीचा मागचा कोपरा उघडा, नवा कोपरा गोधडीत. मी जरा वैतागलोच. म्हटलं, "आबा, काम चोख आहे. त्यात खोट काढून दाखवा." आबा माझ्याजवळ स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "खोट काढली तुम्ही, तोच तर घोळ व्हयना."

मग त्यांनी अक्कांबद्दल सांगितलं. अक्कांची आठवण जात चालली होती. नातवंडांची नावं गेली, शेजारपाजार गेला, मग राहतं घरही गेलं. संध्याकाळ झाली की दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "चला आता, आपल्या घरी जाऊत." घरातच असलेल्या माणसाला घरी कसं न्यायचं? गाडी तेवढी त्यांना ओळखू यायची. गाडीत बसल्या की जेवायच्या, शांत झोपायच्या. म्हणून आबांनी मुक्कामच गाडीत हलवला होता. घर समोर आणि हे दोघं अंगणातल्या गाडीत. जळगावच्या डॉक्टरांकडे यायचं तेही त्याच गाडीने. आणि गाडी ओळखायची अक्कांची खूण होती तो पोचा. तरुणपणी आबांकडून गाडी शिकताना त्यांनीच ती मागे घेऊन गोठ्याच्या खांबाला ठोकली होती. चढण्याआधी त्या कोपऱ्यावरून हात फिरवायच्या, पोचा लागला की चढायच्या. आमच्या गुळगुळीत कोपऱ्यावरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही आपली गाडी नही." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

मला फार वाईट वाटलं. रंगारी तर उठून बाहेरच गेला. जुना पत्रा अजून शेडमध्येच पडला होता. परत येऊन त्याने स्वतःच पुट्टी खरवडून काढली, नवा साचा घेतला आणि पोच्यासकट कोपरा केला. रंगही उन्हाने उडालेला वाटेल असा मारला. आबा या वेळी अक्कांना घेऊनच आले. ठेंगण्या, नीट विंचरलेल्या, नऊवारीतल्या अक्का. कोपरा बसवल्यावर त्यांनी हात फिरवला, पोच्यात बोटं थांबली आणि आबांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आजून हाई नीट नही कयं का?" आणि हसल्या. आबाही हसले. "व्हयी जाई, काय घाई शे?" त्या दिवशी आबांनी गाडीतल्या शेगडीवर शेवभाजी केली आणि सगळ्या शेडला कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर खाऊ घातली. इतकी तिखट, की रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटानेच आलं, असं तो अजूनही सांगतो.

पुढे आबा येतच राहिले. टपावरच्या हवेच्या झरोक्याचं झाकण, दाराखालची पायरी, पुढची जाळी. प्रत्येक वेळी जुन्यातल्या खुणा नव्यात उतरवायच्या. पायरीवर अक्कांनी कधीतरी गरम तवा ठेवला होता, त्याचा गोल डागसुद्धा आम्ही नव्या पायरीवर उमटवला. कामगारांना आता त्यात गंमत वाटू लागली होती. मी आबांना एकदा विचारलं, "थकत नाही का हो?" म्हणाले, "थकस तर. पण तिले घर तरी ऱ्हायनं." त्यांचे डोळे खोल गेले होते, शर्टाची बटणं खालीवर लागलेली असायची. अक्कांची वेणी मात्र कधी विस्कटलेली दिसली नाही.

शेवटचे आले ते दिवाळीनंतर, डॉक्टरांकडून परतताना. दुसऱ्या बाजूचा कोपराही गंजला होता, तो बदलायचा होता. काम मनासारखं झालं. अक्का खाली उतरून सावलीत बसल्या होत्या. निघताना त्या रोजच्यासारख्या पोच्याच्या कोपऱ्याशी गेल्या, हात फिरवला. बोटं पोच्यावरून सरळ पुढे गेली. मग एक पाऊल मागे येऊन त्यांनी गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि आबांना परक्या माणसासारखं विचारलं, "गाडी चांगली शे, भाऊ. ही कोन्ही गाडी शे?"

आबांनी त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. अक्कांनी पदर सावरत हात सोडवून घेतला. "लोकासनी गाडीमा मी नही बसत," म्हणाल्या आणि शेडच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मशीन बंद होती आणि सगळे पाहत होते. आम्ही केलेला एक एक भाग जागच्या जागी होता. त्याचा आता काही उपयोग नव्हता.

आबांनी खांद्यावरचं उपरणं डोक्याला गुंडाळलं, बाजूचं दार उघडलं, पायरीवर एक पाय ठेवला आणि काळीपिवळी जीपवाले हायवेला ओरडतात तसं मोठ्यांदा ओरडले, "एरंडोल, पारोळा, धुळेऽऽ! चला, धुळे, धुळे!"

अक्कांनी मान वर केली. पिशवी उचलून लगबगीने पुढे आल्या. "भाऊ, धुळ्याले जाई का?"

"जाई ना, अक्का. सीधी धुळ्याले."

"मंग जरा दमानं चालवज्यात," अक्का पायरी चढत म्हणाल्या. "पन उशीर नका करज्यात. मन्हा मालक तठे वाट देखी ऱ्हायनात."

आबांनी त्यांना पलंगाच्या कडेला नीट बसवलं, पिशवी मांडीवर दिली. खाली उतरून दार ओढून घेतलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. खिडकीतून आत पाहत एवढंच म्हणाले, "बसा, अक्का. त्यासले कसाले वाट देखाले लावानी?"