सतरा नंबरचे चौदा असिस्ट

दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या फजल मुकादमानं हॉलंड कधी पाहिलं नाही. पण हॉलंडच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये कुणी किती असिस्ट दिले, हे ठरवण्यात त्याची बारा वर्षं गेली. तिकडे शनिवारी सामने व्हायचे. रविवारी सकाळी तिथल्याच एका लहानशा कंपनीत फजल ते पडद्यावर मागेपुढे करत बघायचा आणि ज्याच्या पासवर लगेच बास्केट झाली, त्याच्या नावापुढे खूण करायचा. पास घेणाऱ्यानं मध्येच चार टप्पे मारले की असिस्ट बाद. एवढा बारकावा या माणसानं लग्नाच्या बोलण्यांत दाखवला असता तर आपली सुटका झाली असती, असं त्याची बायको ताहेरुन्निसा म्हणायची.

कोकणातल्या हर्णैहून आला तेव्हा तो साधा टायपिस्ट होता. बास्केटबॉल त्यानं कधी हातातही धरला नव्हता. पण बघता बघता त्याला त्या खेळाची गोडी लागली. सर्वाधिक असिस्ट देणाऱ्यांची यादी दर हंगामाच्या शेवटी त्याच्याच टेबलावरून जायची आणि तिच्यात पहिल्या तिघांत हमखास असायचा एक सात नंबरचा डावखुरा, टक्कल पडत चाललेला गडी. फजलनं त्याचं नाव नाखवा ठेवलं होतं. जाळी ओढणारे ओढतात, होडी कुठं न्यायची ते नाखवा ठरवतो. हाही तसाच. स्वतः फार बास्केट करायचा नाही, दुसऱ्यांकडून करवायचा. फजलचा त्याच्यावर जीव होता. घरी जेवताना त्याच्या गोष्टी सांगायचा आणि त्याची मुलगी रिदा न ऐकता मान डोलवायची.

गेल्या ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा फजलच्या डोळ्यांपुढे काळे धागे तरंगू लागले. शुगर जुनी होती आणि पथ्याच्या नावानं शून्य. डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरतंय, लेझर करू, पण गेलेली नजर परत येणार नाही. फजलनं डॉक्टरच्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि ऑफिसात कुणाला काही बोलला नाही.

बोलला असता तर नोकरी गेली असती. नोकरी गेली की तिघांचा व्हिसा जाणार, आणि रिदा बारावीला होती. परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपणार होती. मध्येच परीक्षेचं केंद्र बदलून मिळणार नाही, हे शाळेनं स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हा एप्रिलपर्यंत रेटायचं, एवढंच त्यानं ठरवलं.

पाठीवरचे आकडे दिसेनात तेव्हा तो चालीवरून माणसं ओळखू लागला. बारा वर्षांचा सराव होता. कोण वळताना खांदा पाडतो, कोण पाय ओढतो, सगळं पाठ होतं. तो फसला एकाच ठिकाणी. नाखव्याच्या टीमनं त्या हंगामात एक नवा खेळाडू घेतला होता, सतरा नंबरचा. तोही डावखुरा आणि नाखव्याच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे वळणं, थांबणं, पास देताना मान दुसरीकडे करणं, सगळं गुरूसारखं. फजलला सतरातला एक दिसायचाच नाही. त्यातून जीव नाखव्यावर. चांगला पास दिसला की खूण सातवर.

आकड्यांबद्दलच्या तक्रारी फजलकडेच यायच्या. जानेवारीच्या मध्यावर तशी एक मेल आली. अक्षरं फोनवर मोठी करून, पँट्रीत उभं राहून त्यानं ती वाचली. खुद्द नाखव्यानं लिहिलं होतं. तीन सामन्यांतले चौदा असिस्ट माझ्या नावावर आलेत, ते माझे नाहीत, माझ्या सतरा नंबरच्या जोडीदाराचे आहेत. त्याच्या कराराची मुदत महिनाअखेर संपते आणि क्लबचे लोक आकडे बघूनच त्याला ठेवायचं की नाही ते ठरवतील. कृपा करून पुन्हा बघा.

बारा वर्षांत एवढा आनंद व्हावा आणि एवढी भीती वाटावी असं फजलला काही घडलं नव्हतं. अख्ख्या हंगामात त्याच्या दोन-तीन चुका निघायच्या. तीन सामन्यांत चौदा म्हटल्यावर त्याचा वरिष्ठ संजीव यानं आधी त्याला डोळे तपासायला पाठवलं असतं.

संध्याकाळी त्यानं ताहेरुन्निसाला सगळं सांगितलं, डोळ्यांचंही. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"माझ्यापासून पण लपवलंत?" ती म्हणाली. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "पोरीचे पेपर होऊ देत. मग काय ते खरं सांगा. आता गप राहा."

"त्या पोराचं नुकसान होईल."

"त्याला दुसरी टीम मिळेल. रिदाला दुसरं वर्ष कोण देणार?"

दुसऱ्या दिवशी फजलनं तीनही सामन्यांतल्या त्या चौदा पासांचे व्हिडिओचे तुकडे उघडले, धूसर पडद्याकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं: पुन्हा तपासलं, बदल नाही. चूक डोळ्यांची होती तोवर ती चूक होती. त्या दिवशी ती लबाडी झाली, हे फजललाही कळत होतं. दोन दिवसांनी नाखव्याचं उत्तर आलं. ते उघडायचा त्याला धीर झाला नाही.

रिदाचे पेपर सुरू झाले. फजल तिला प्रत्येक पेपरला शाळेपर्यंत सोडायला जायचा, म्हणजे खरं तर तीच त्याचा हात धरून रस्ता ओलांडायची. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी तो संजीवसाहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानंच सगळं बोलून गेला. संजीव नाशिकचा, फजलहून पंधरा वर्षांनी लहान. त्यानं पहिला तुकडा लावला. मग दुसरा. चौदाही पाहिले.

"हा तर धडधडीत सतरा नंबर आहे, फजलभाई."

"माहीत आहे, साहेब. तेवढं दुरुस्त करा. मी जातो."

"मला आधी सांगितलं असतं तर एप्रिलपर्यंत मी दुसरं काम दिलं असतं तुम्हाला."

फजलला हे ऐकायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि न उघडलेली मेल पुढे केली. "एवढी वाचून दाखवा."

संजीवनं वाचली. "पुन्हा तपासल्याबद्दल आभार. मी क्लबच्या बैठकीत सांगितलं की आकडे बरोबर आहेत, माझीच आठवण चुकली असावी. माझं वय झालं. तुम्ही लोक प्रत्येक पास चारदा बघता, तुमच्यावर विश्वास न ठेवून कसं चालेल? त्याला ठेवा म्हणून मी धरलेला हट्ट मागे घेतला."

फजल खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"साहेब, त्या सतरा नंबरच्या पोराला कुठं घेतलं का बघा ना. दुसऱ्या टीमनं."

संजीवनं त्याचं नाव टाकून शोधलं. नाखव्याच्या टीमनं त्याला जानेवारीअखेरच सोडलं होतं. हॉलंडच्या सगळ्या टीमच्या याद्या पाहिल्या, खालच्या गटातल्यासुद्धा. फजल तोंड पुढे करून पडद्याकडे बघत होता, जणू त्याला दिसत होतं. "बेल्जियम पाहिलं?" त्यानं विचारलं. "जर्मनी?"

"पाहिलं," संजीव म्हणाला. "कुठंच नाहीये तो."